पार्ट कोणाचा, जबाबदारी कोणाची?

गाडी गॅरेजमध्ये गेली की मध्यमवर्गीय घरात एक प्रश्न हमखास उभा राहतो. मिस्त्रींनी चिठोऱ्यावर खर्चाचा अंदाज लिहून दिलेला असतो. तोवर घरातल्या कोणी तरी त्याच पार्टची किंमत फोनवर शोधून काढलेली असते आणि दोन आकड्यांत पाचशे-हजारांची तफावत दिसते. एवढी तफावत दिसल्यावर स्वस्थ बसणारा नोकरदार माणूस विरळा. "पार्ट आम्ही आणून देतो, तुम्ही फक्त बसवून द्या," हे वाक्य मग आपोआप तोंडून निघते. मिस्त्रींचा चेहरा किंचित उतरतो. क्वचित ते स्पष्ट नकार देतात. बहुधा "आणा, बघू" म्हणतात. या "आणा, बघू"मध्ये काय काय दडलेले असते हे समजण्यासाठी प्रस्तुत लेखकाला एक क्लच आणि जवळजवळ चार महिने खर्ची घालावे लागले.

गाडी दहा वर्षांची, तीही दुसऱ्याकडून घेतलेली. चढावर इंजिनाचा आवाज वाढे, वेग मात्र वाढत नसे. क्लच गेला हे सांगायला तज्ज्ञाची गरज नव्हती. मिस्त्रींनी एकूण ७,८०० रुपये सांगितले. त्यात क्लचचा सेट ५,६०० आणि मजुरी २,२००. मी पुण्याच्या नाना पेठेत गेलो. सुट्या भागांच्या दुकानांची तिथे रांग आहे. गाडीचे नाव आणि साल सांगताच एका दुकानदाराने ४,७०० रुपयांत सेट काढून दिला. नऊशे रुपये वाचले. बस-रिक्षा सोडून पायी चालण्याची सवय असलेल्या माणसाला नऊशे रुपयांचे मोल काय असते हे वाचकांना निराळे सांगायला नको.

शनिवारी मिस्त्रींनी गिअरबॉक्स उतरवला. जुनी क्लच प्लेट बाहेर काढून नवीजवळ धरली, तेव्हा मधल्या छिद्राचे दाते जुळत नाहीत असे आढळले. त्या मॉडेलमध्ये एकाच वर्षात दोन प्रकार निघाले होते. दुकानात गाडीचा १७ अक्षर-अंकांचा चॅसिस नंबर सांगितला असता तर घोटाळा टळला असता. पण तो सांगायचा असतो हे मला ठाऊक नव्हते आणि दुकानदाराने विचारले नाही. रविवारी दुकान बंद. सोमवारी मी प्लेट परत घेऊन गेलो तर तिच्यावर ग्रीसचे बोट उमटलेले. "हात लागलेला माल परत घेत नाही," हे उत्तर. नवी प्लेट १,४०० रुपयांना घ्यावी लागली. या दोन दिवसांत माझी गाडी पोटातले सारे बाहेर काढून गॅरेजच्या एकुलत्या एका लिफ्टवर लटकत होती आणि खाली दुसरी दोन गिऱ्हाइके ताटकळत होती. मिस्त्री मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे वाटले असते.

पुढे तीन महिन्यांनी क्लच दाबला की किरकिर ऐकू येऊ लागली. रिलीज बेअरिंग गेले होते. माझ्याच आणलेल्या सेटमधले. दुकानदार म्हणाला, फिटिंगची चूक. मिस्त्री म्हणाले, मालाची चूक. दोघेही खरे बोलत असतील किंवा दोघेही खोटे. मला कळण्याचे साधन नव्हते. साडेसहाशेचे बेअरिंग बदलण्यासाठी पुन्हा गिअरबॉक्स उतरवणे आले. मी मजुरीबद्दल कुरकुर करू लागलो तेव्हा मिस्त्रींनी खणातून जुने जॉबकार्ड काढून समोर ठेवले. त्यावर त्यांच्या अक्षरात एक ओळ होती: "पार्ट कस्टमरचा, गॅरंटी नाही." खाली माझी सही होती. शाळेत मुलांना 'सही करण्यापूर्वी वाचा' असे बजावणाऱ्या माणसाची ती सही होती. मिस्त्रींनी त्या वेळी २,२०० ऐवजी १,५०० रुपयेच घेतले, हा त्यांचा चांगुलपणा. हिशेब मात्र असा झाला की वाचवलेले नऊशे वजा जाता २,६५० रुपये अधिक गेले.

हा अनुभव सांगून 'स्वतः पार्ट आणू नये' असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण ते बरोबर होणार नाही. आपला माल आपण न्यायचा आणि कारागिराला फक्त मजुरी द्यायची, ही रीत आपल्याकडे परकी नाही. गिरणीत आपण आपलेच दळण नेतो. शिंप्याकडे कापड आणि सोनाराकडे मोडीचे सोने आपलेच असते. घर बांधताना 'लेबर रेट'ने द्यायचे की 'मटेरियलसकट', हा प्रश्न गवंड्याशी पहिल्याच बैठकीत निघतो. मोटारीच्या बाबतीतही बॅटरी आणि टायर आपण बहुधा स्वतः पाहून, भाव करून घेतो आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही. मग क्लच किंवा ब्रेकचे पॅड आणले तर बिघडले कोठे?

फरक असा की गहू किडका असेल तर तो दळण्यापूर्वी दिसतो. कापड विरळ असेल तर बोटांना कळते. टायरच्या कडेवर चार आकडे छापलेले असतात. २२२३ याचा अर्थ २०२३ सालचा बाविसावा आठवडा, एवढे ठाऊक असले की टायर किती जुना आहे हे कोणालाही वाचता येते. बॅटरीचे गॅरंटी कार्ड दुकानदार शिक्का मारून देतो आणि ती बदलायला अर्धा तास पुरतो. ब्रेकच्या पॅडवर मात्र काहीच दिसत नाही. ज्या मिश्रणाचा तो बनवलेला असतो त्याचा खरा गुण घाटात उतरताना, पॅड तापल्यावर, प्रकट होतो. टायमिंग बेल्टचे तर त्याहून अवघड. दुकानाच्या माळ्यावर वर्षानुवर्षे पडून रबर कडक झाले आहे की नाही हे पट्टा हातात घेऊन सांगता येत नाही. आणि बऱ्याच इंजिनांत तो तुटला की वाल्व पिस्टनवर आदळून वाकतात. मग खर्च पट्ट्याचा राहत नाही, इंजिनाचा होतो. स्वस्त पार्ट आणि महाग मजुरी अशी जिथे जोडी असते, किंवा जिथे चुकीची किंमत पैशात मोजता येत नाही, तिथे पार्टाच्या किमतीतील बचत ही वस्तुतः बचत नसते. एरवी गॅरेजवाल्याच्या डोक्यावर असलेली जोखीम आपण तेवढ्या रकमेला विकत घेतलेली असते.

कायदाही या बाबतीत फारसा मदतीला येत नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने उत्पादन-दायित्वाची तरतूद आणली. तीनुसार उत्पादक, विक्रेता आणि सेवा देणारा या तिघांनाही जबाबदार धरता येते. परंतु प्रत्येकाला त्याच्या त्याच्या दोषापुरते. गॅरेजने पार्ट दिला आणि बसवलाही, तर त्याला दुसऱ्याकडे बोट दाखवायला जागा उरत नाही. पार्ट आपण आणला की विक्रेता निराळा आणि सेवा देणारा निराळा होतो; मधल्या भेगेत ग्राहक सापडतो. त्यातही पार्ट 'कच्च्या' पावतीवर आणलेला असेल तर जिल्हा ग्राहक आयोगापुढे ठेवायला हातात कागदच नसतो. कर वाचवण्यासाठी कच्ची पावती घेण्याचा मोह पूर्वी मोठा होता, कारण बहुतेक सुट्या भागांवर २८ टक्के कर पडे. २२ सप्टेंबर २०२५पासून तो १८ टक्के झाला आहे. मोह त्या प्रमाणात उतरला असेल अशी आशा करू या.

आता दुसरी बाजू. गॅरेजवाल्यांविषयीचा संशय आकाशातून पडलेला नाही. माझ्या एका स्नेह्याने, ते एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क आहेत, दोन वर्षे 'ओरिजिनल' म्हणून ज्या फिल्टरचे पैसे मोजले तो निनावी खोक्यातला लोकल माल निघाला. हे कळले तेही दुसऱ्या गावी गाडी बंद पडून दुसऱ्या मेकॅनिकने बॉनेट उघडले म्हणून. बदललेला म्हणून बिलात लावलेला पार्ट बदललेलाच नसणे, हाही प्रकार नवा नाही. मोठ्या कंपन्यांच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरांत असा उघड खोटेपणा होत नसेल. पण तिथल्या किमतींबद्दल न बोललेलेच बरे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड केला होता, तो याच कारणासाठी. सुटे भाग आणि दोष शोधण्याची उपकरणे खुल्या बाजारात, स्वतंत्र गॅरेजांना, मिळू न देता ग्राहकाला अधिकृत केंद्राशी जखडून ठेवल्याचा ठपका आयोगाने ठेवला. बाहेर काम केले एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असेही त्या आदेशात म्हटले होते. पुढे अपिले झाली, प्रकरण न्यायालयांच्या फेऱ्यांत गेले. परंतु 'कंपनीच्याच खोक्यातला पार्ट नसेल तर गाडीचे काही खरे नाही' हा जो धाक घातला जातो, तो किती खरा आणि किती धंद्याचा, याची शंका सरकारी आयोगालाही आली होती एवढे यावरून दिसते.

ती शंका रास्त होती. मोटार कंपन्या स्वतः फार थोडे भाग बनवतात. चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात ज्यांचे नातेवाईक कामाला आहेत त्यांना हे सांगायला नको. बेअरिंग एकाचे, ब्रेक दुसऱ्याचे, दिवे तिसऱ्याचे. हेच पुरवठादार पुष्कळदा आपल्या नावाच्या खोक्यात तोच माल बाजारातही विकतात आणि तो मोटार कंपनीच्या खोक्यातल्या मालाहून स्वस्त असतो. हा माल डुप्लिकेट नव्हे. डुप्लिकेट वेगळा, त्यावर खोटे नाव आणि खोटी चकाकती चिकटपट्टीही असते. या दोहोंतला भेद ज्याला करता येतो त्याने स्वतः पार्ट आणावा. मुंबईचे टॅक्सीवाले तेच करीत. कुर्ल्याच्या कारखान्यातून प्रीमियर पद्मिनी बाहेर पडणे २०००च्या सुमारास थांबले. पण मुंबईच्या रस्त्यांवरून ती टॅक्सी अधिकृतपणे उतरली ३० ऑक्टोबर २०२३ नंतर. मधली वीसेक वर्षे कंपनी नसलेल्या गाड्या ज्या चालल्या, त्या कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आणि जुन्या बाजारांत हिंडून मालकांनी हुडकून आणलेल्या सुट्या भागांवर. परंतु तो मालक दिवसाचे दहा-बारा तास त्या गाडीत बसे. कोणता आवाज कशाचा हे त्याला मेकॅनिकच्या आधी कळे. रविवारी मुलांना घेऊन देवदर्शनाला जाणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्याच्याशी बरोबरी करू नये.

माझ्या मते या साऱ्या तंट्याचे मूळ पार्टात नाहीच. ते मजुरीत आहे. आपल्याला वस्तूचे पैसे देताना त्रास होत नाही, कारण ती हातात येते. माणसाच्या कसबाचे पैसे देताना मात्र हात आखडतो. "दोन तास तर लागले, त्याचे दोन हजार?" हा प्रश्न आपण किती सहज विचारतो. गॅरेजवाल्याला जागेचे भाडे आहे, हाताखाली दोन पोरे आहेत, हल्लीच्या गाड्यांसाठी हजारो रुपयांचा स्कॅनर घ्यावा लागतो. हा सगळा खर्च मजुरीच्या आकड्यात दाखवला तर गिऱ्हाईक पळते, हे त्याला अनुभवाने ठाऊक झालेले आहे. म्हणून तो मजुरी कमी लावतो आणि आपली उरलेली कमाई पार्टात दडवतो. यात फसवणूक असेलच असे नाही. बंद खोक्यावर कमाल किरकोळ किंमत छापण्याचे बंधन आहे. दुकानदार त्याला त्यावर सूट देतो आणि तो आपल्याला छापील किंमत लावतो. ती सूट हीच त्याची खरी मजुरी. आपण नाना पेठेतून पार्ट आणतो तेव्हा त्या मजुरीवर हात मारतो आणि वर त्याने उरलेली, मुद्दाम कमी सांगितलेली, मजुरी तेवढीच ठेवावी अशी अपेक्षा करतो. आमचे पगार पगारपत्रकावर बेसिक, महागाई भत्ता, घरभाडे भत्ता असे ओळीने छापून येतात. त्यातली एक ओळ सरकारने गुपचूप काढून घेतली तर संघटना मोर्चा काढील. मिस्त्रींना संघटना नाही; ते फक्त "आणा, बघू" म्हणतात.

इथे ग्राहक चळवळीच्या शिकवणुकीचाही थोडा वाटा आहे असे मला वाटते, आणि त्या चळवळीचे ऋण मान्य करूनच हे म्हणतो. मुंबई ग्राहक पंचायतीने १९७५पासून मध्यमवर्गाला एकत्रित खरेदीचा धडा दिला: मधला नफेखोर टाळा, माल थेट घ्या. डाळ, तेल, साबण यांच्या बाबतीत तो धडा सोन्यासारखा ठरला. पण मिस्त्री म्हणजे मधला दलाल नव्हे. कोणता पार्ट या गाडीला लागतो, कोणत्या मेकचा टिकतो, कोणत्या दुकानात भेसळ आहे, हे त्याला माहीत असते. चुकला तर पुन्हा उघडून देण्याची तयारीही त्याच्याकडे असते. डाळीच्या व्यापाऱ्याने आपल्यासाठी असे काही केलेले नसते.

यावर उपाय अवघड नाही, पण तो काम सुरू होण्यापूर्वी करावा लागतो. ज्या माणसाला पार्ट स्वतः आणायचा आहे त्याने गाडी खोलण्याआधी तसे मोकळेपणाने सांगावे आणि त्या हिशेबाने मजुरी जास्त होईल हे मान्य करावे. अशी वाढवलेली मजुरी ऐकल्यावर पुष्कळ वेळा बचत उरतच नाही, असे माझ्या ध्यानात आले आहे. इंजिन ऑइल, वायपर, दिवे, एअर फिल्टर अशा गोष्टी खुशाल न्याव्यात. ऑइलचा ग्रेड गाडीच्या पुस्तकात छापलेला असतो, मात्र डबा सीलबंद आणि खात्रीच्या दुकानातला हवा, कारण ब्रँडेड डब्यांत भलतेच तेल भरणारे महाभाग आहेत. ब्रेक, स्टिअरिंग, क्लच, टायमिंग बेल्ट यांना माझ्यासारख्याने हात लावू नये. आणि अपघाताच्या दुरुस्तीत तर मुळीच नाही. विमा कंपनीचा सर्व्हेअर गॅरेजच्या पक्क्या बिलावर बोट ठेवून चालतो, आपण पिशवीतून आणलेल्या दिव्याला तो ओळखत नाही. पार्ट मिस्त्रींनी आणला तरी आपले काम संपत नाही. छापील किंमत असलेला खोका बघायला मागावा, जुना पार्ट परत मागावा, बिलात पार्ट आणि मजुरी निरनिराळ्या ओळींत लिहून मागावी. असे मागितले म्हणून प्रामाणिक मेकॅनिक रागावत नाही. जो रागावतो त्याच्याकडे पार्ट कोणीही आणला तरी गाडी देऊ नये.

मागच्या दिवाळीत कोकणात जायचे होते. पुढच्या चाकांतून लोखंड घासल्याचा आवाज येत होता. मिस्त्रींनी चाक काढून पॅड दाखवले. नखाएवढी जाडी उरली होती. फोनवर किंमत बघण्यासाठी माझा हात खिशाकडे गेला आणि ते त्यांच्या नजरेतून सुटले नाही. "सर, पार्ट तुम्ही आणणार की मी आणू?" त्यांनी हात पुसता पुसता विचारले. "तुम्हीच आणा," मी म्हणालो, "मजुरी काय ती मात्र वेगळी आणि नीट लावा." त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले, चिठोऱ्यावर आधी लिहिलेला मजुरीचा आकडा खोडला आणि त्याच्या वर शंभर रुपये जास्त लिहिले. छापील किमतीतून मात्र दीडशे रुपये कमी केले.

"शुक्रवारी संध्याकाळी या," ते म्हणाले. "जुने पॅड पिशवीत घालून ठेवतो."